झाडाला दुसरे आयुष्य देणारा सुतार : जॉर्ज नाकाशिमा

जुन्या मराठी वाड्यात फडताळ वेगळे विकत आणावे लागत नसे. दीड-दोन हात जाडीच्या भिंतीतच त्याची जागा राखलेली असे. बाहेरून लाकडी चौकट आणि दोन झडपा बसवल्या की काम झाले. अमेरिकेतील घरांच्या भिंती मात्र बहुधा लाकडी उभ्या खांबांवर पातळ आवरण चढवून केलेल्या, आतून पोकळ असतात. तेथे फडताळ भिंतीत शिरत नाही, ते भिंतीवर टांगावे लागते. स्वतःचे वजन, आतल्या वस्तूंचे वजन आणि वर्षानुवर्षांचा उघडझापीचा ताण सहन करीत ते अधांतरी राहते. म्हणूनच भिंतीवरचे कपाट ही दिसायला साधी, पण सुताराची खरी परीक्षा पाहणारी वस्तू आहे. विसाव्या शतकात या वस्तूला आणि एकूणच हाताने घडवलेल्या लाकडी सामानाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत जॉर्ज नाकाशिमा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. वास्तुविशारदाची उच्च पदवी, तीन खंडांतील वास्तव्य, पाँडिचेरीतील साधना आणि काटेरी तारांमागचा बंदिवास, इतके सारे अनुभवून हा माणूस अखेर सुतार झाला, आणि सुतारच राहिला.

जंगलातून वास्तुशास्त्राकडे

नाकाशिमा यांचा जन्म २४ मे १९०५ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या शहरात झाला. आई-वडील जपानमधून आलेले. मुलगा मात्र जन्माने अमेरिकन नागरिक. बालवीर चळवळीच्या निमित्ताने लहान वयातच त्यांना डोंगरदऱ्यांत भटकण्याची गोडी लागली. वायव्य अमेरिकेतील शेकडो वर्षे जुन्या वृक्षांच्या त्या अरण्यांनी त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटवला. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी प्रथम वनशास्त्राचा अभ्यास सुरू केला, नंतर ते वास्तुशास्त्राकडे वळले. १९२८ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे त्यांनी काही काळ शिक्षण घेतले आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदव्युत्तर पदवी मिळवली.

तो काळ जागतिक महामंदीचा होता. हाती पदवी असूनही नोकरी टिकली नाही. तेव्हा या तरुणाने मोटार विकून टाकली आणि जगप्रदक्षिणेचे जहाजाचे तिकीट काढले. पॅरिसमध्ये काही काळ काढून, उत्तर आफ्रिका पाहून ते पूर्वजांच्या जपानमध्ये पोहोचले. १९३४ मध्ये टोकियोत अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाच्या कार्यालयात त्यांना काम मिळाले. मूळचे बोहेमियातील असलेले रेमंड हे फ्रँक लॉइड राइट यांच्याबरोबर इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी जपानमध्ये आले आणि तेथेच स्थिरावले होते. आधुनिक काँक्रीट आणि जपानी सुतारकी यांचा मेळ घालण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्याच कार्यालयातील सहकारी जुन्झो योशिमुरा यांच्यामुळे नाकाशिमा यांना जपानमधील जुनी मंदिरे, चहागृहे आणि त्यांतील लाकूडकाम जवळून पाहता आले. खिळ्याविना जुळलेले सांधे, घासून गुळगुळीत केलेले पण रंगाने न झाकलेले लाकूड, सरकती दारे या साऱ्यांचा संस्कार येथे झाला.

पाँडिचेरीतील सुंदरानंद

नाकाशिमा यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते भारतात. बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांच्या सेवेत उमेदीची वर्षे काढलेले श्री अरविंद १९१० पासून पाँडिचेरीत राहत होते. त्यांच्या आश्रमातील साधकांसाठी निवासाची इमारत बांधण्याचे काम रेमंड यांच्याकडे आले. हैदराबाद संस्थानातील सर अकबर हैदरी यांच्या प्रयत्नाने देणगी मिळाली, म्हणून इमारतीला गोवळकोंड्यावरून गोलकोंड हे नाव देण्यात आले. या कामावर देखरेख करण्यासाठी नाकाशिमा पाँडिचेरीत आले आणि १९३९ पर्यंत राहिले.

गोलकोंड ही भारतातील आधुनिक पद्धतीच्या सलोह काँक्रीटच्या आरंभीच्या इमारतींपैकी एक. समुद्रकाठच्या उष्ण आणि दमट हवेचा विचार करून तिच्या दोन्ही लांब बाजूंना काचेच्या खिडक्यांऐवजी हव्या तशा फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवण्यात आल्या. खोल्यांना सागवानी पट्ट्यांची सरकती दारे देण्यात आली. दार बंद असले तरी वारा अडत नाही आणि आतले दिसतही नाही. बांधकामावर आश्रमातील साधक स्वतः राबत. पितळी बिजागऱ्या, कड्या आणि इतर सामान आश्रमातच ओतले गेले. घाई नव्हती, कंत्राटदार नव्हता, नफ्याचा प्रश्न नव्हता. काम हीच साधना होती.

नाकाशिमा यांनी येथे वेतन घेण्याचे नाकारले आणि ते श्री अरविंदांचे शिष्य झाले. त्यांना सुंदरानंद हे नाव मिळाले. सौंदर्यात आनंद मानणारा असा त्याचा अर्थ. गोलकोंडमधील खोल्यांसाठी त्यांनी आखलेले सागवानी सामान हे त्यांच्या फर्निचरच्या कामाचे पहिले पाऊल ठरले. युद्धाचे ढग जमू लागले तसे त्यांनी पाँडिचेरी सोडले. जपानमध्ये त्यांची भेट मॅरियन ओकाजिमा यांच्याशी झाली. त्याही जपानी वंशाच्या अमेरिकन. १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला.

वास्तुशास्त्राला रामराम

अमेरिकेत परतल्यावर नाकाशिमा यांनी तेथील नव्या इमारतींची पाहणी केली. नकाशे देखणे, पण प्रत्यक्ष बांधकामाचा दर्जा मात्र निराशाजनक, असे त्यांना आढळले. आराखडा एकाने करायचा, बांधायचे दुसऱ्याने आणि जबाबदारी कोणाचीच नाही, ही पद्धत त्यांना मानवली नाही. पहिल्या रेषेपासून शेवटच्या हातापर्यंत जे काम स्वतःच्या ताब्यात राहील तेच करायचे, असे त्यांनी ठरवले. असे काम म्हणजे फर्निचर. सिएटलमध्ये एका कॅथलिक मिशनच्या जागेत त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली. त्या बदल्यात ते तेथील मुलांना सुतारकाम शिकवीत.

हा संसार जेमतेम उभा राहत होता, तोच ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकन नागरिक होते. कोणताही खटला नाही, कोणताही आरोप सिद्ध नाही. नाकाशिमा दाम्पत्यही त्यात सापडले. त्यांची मुलगी मीरा तेव्हा काही आठवड्यांची होती. आयडाहो राज्यातील मिनिडोका येथील छावणीत त्यांची रवानगी झाली. वाळवंटी प्रदेश, धूळ, कडाक्याची थंडी आणि घाईने उभारलेल्या लाकडी बराकी, असे ते ठिकाण होते.

छावणीतील गुरू

त्या छावणीत नाकाशिमा यांना गुरू भेटला. जपानमध्ये परंपरागत पद्धतीने तयार झालेले गेंतारो हिकोगावा हे सुतार तेथे बंदिवासात होते. मॅसॅच्युसेट्सचा पदवीधर वास्तुविशारद या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. जपानी करवत आणि रंधा ओढून चालवायचा असतो, ढकलून नव्हे. अशा प्राथमिक गोष्टींपासून शिकवणी सुरू झाली. पटाशीला धार कशी लावावी, लाकडाच्या तंतूंची दिशा पाहून रंधा कसा फिरवावा, सांधा डोळ्याने नव्हे तर बोटांनी कसा तपासावा, हे सारे त्यांनी तेथे आत्मसात केले. साहित्य म्हणजे बांधकामातून उरलेले तुकडे आणि आसपासच्या वाळवंटात उगवणारी खुरटी झुडपे. त्यातून दोघांनी बराकीतील खोल्या राहण्याजोग्या करण्याचा प्रयत्न केला. मिळेल त्या फळीतील गाठ, तडा, वाकडेपणा लक्षात घेऊन वस्तू घडवायची सवय येथेच लागली. पुढे हाच नाकाशिमा यांच्या शैलीचा गाभा झाला.

१९४३ मध्ये त्यांची सुटका झाली ती पुन्हा रेमंड यांच्यामुळे. युद्धापूर्वीच अमेरिकेत परतलेल्या रेमंड यांची पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे शेती होती. तेथे कामासाठी त्यांनी नाकाशिमा कुटुंबाची जबाबदारी घेतली. आंतरराष्ट्रीय अनुभवाचा हा वास्तुविशारद काही काळ कोंबड्या पाळत होता. पुढे न्यू होपमध्येच त्यांनी सुमारे तीन एकर जमीन मिळवली आणि आधी कार्यशाळा, मग घर, अशा क्रमाने बांधकाम केले. घराचे दगड त्यांनी स्वतःच्या हातांनी रचले. पुढील काही दशकांत त्या परिसरात त्यांनी आखलेल्या डझनाहून अधिक वास्तू उभ्या राहिल्या.

एक कपाट असे घडे

नाकाशिमा यांच्या कार्यशाळेतील भिंतीवरच्या कपाटांकडे पाहिले की त्यांच्या आयुष्यातील सारे टप्पे एकत्र आलेले दिसतात. कामाची सुरुवात नकाशापासून होत नसे. ती ओंडक्यापासून होई. अमेरिकेतील काळा अक्रोड हे त्यांचे आवडते लाकूड. चेरीसारखी इतर लाकडेही ते वापरत. ओंडका गिरणीत चिरताना करवत कोणत्या दिशेने चालवायची, फळी किती जाड काढायची, याचा निर्णय ते स्वतः घेत. येथे एक चूक झाली तर दोनशे-तीनशे वर्षांच्या वृक्षातील सर्वात सुंदर रेषा भुशात जाई. चिरलेल्या फळ्या एकमेकींमध्ये पट्ट्या ठेवून वाळवण्यासाठी रचल्या जात. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब आहे. त्यानंतर त्या भट्टीत सुकवल्या जात.

ग्राहक येई, गरज सांगे, फळ्या पाहिल्या जात. नाकाशिमा लहानशा कागदावर रेखाटन करीत आणि किंमत ठरे. नंतर फळीवर प्रत्यक्ष खुणा होत. ठोकळ कापणी आणि जाडी काढण्याचे काम यंत्रावर करण्यास त्यांचा विरोध नव्हता. जेथे डोळा आणि हात यांचाच निर्णय चालतो तेथे मात्र यंत्राला प्रवेश नव्हता.

भिंतीवरच्या कपाटाची मुख्य अडचण म्हणजे लाकडाचा स्वभाव. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. ही हालचाल अडवली तर फळी चिरते. म्हणून जाणता सुतार कपाटाच्या चारही फळ्यांचे तंतू पेटीभोवती एकाच दिशेने फिरत जातील अशी मांडणी करतो. मग त्या चारही फळ्या फक्त खोलीच्या दिशेने आणि सारख्याच प्रमाणात फुगतात, आक्रसतात. सांध्यावर ताण येत नाही. पाठीमागची फळी मात्र खाचेत मोकळी बसवावी लागते.

दुसरा प्रश्न वजनाचा. कपाटाच्या कोपऱ्यांवर कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते कापून दोन फळ्या एकमेकींत अडकवल्या जातात. हे शेपटीचे दाते उभ्या बाजूंवर कापले, तर वस्तूंच्या भाराने तळाची फळी खाली सुटून येऊ शकत नाही. जितका भार, तितका सांधा घट्ट. खिळे किंवा स्क्रू यांवर अवलंबून राहण्याची गरज नाही. अनेक कारागीर हा सांधा झाकून टाकतात. नाकाशिमा तो उघडा ठेवत. वस्तू कशी उभी आहे हे वापरणाऱ्याला दिसले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

दारे सरकती. बिजागरीचे दार उघडायला पुढे जागा लागते आणि कालांतराने ते लोंबते. सरकत्या दाराला या दोन्ही अडचणी नाहीत. वरची खाच खालच्या खाचेपेक्षा खोल ठेवली की दार उचलून आत बसवता येते आणि हवे तेव्हा काढताही येते. अशा अनेक दारांना उभ्या लाकडी पट्ट्या असत आणि त्यांच्या मागे केवड्याच्या जातीच्या वनस्पतीच्या धाग्यांचे विणलेले कापड लावलेले असे. पाँडिचेरीतील सागवानी पट्ट्यांची दारे आणि जपानी घरांतील सरकते पडदे या दोहोंची आठवण त्यात सहज होते. वरच्या फळीची पुढची कड पुष्कळदा सरळ कापलेली नसे; खोडाची साल काढल्यावर जी वळणावळणाची रेषा उरते तीच राखलेली असे. फळीत तडा असेल तर तो लांबीने बुजवून लपवला जात नसे. फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर आडवी बसवून तो तेथेच रोखला जाई. शेवटी हाताने तेल चोळून चकाकी आणली जाई.

कपाट भिंतीवर चढवताना भिंतीच्या आतले खांब शोधावे लागतात. अमेरिकन घरांत ते सामान्यतः १६ इंच अंतरावर असतात. सारा भार त्या खांबांवर गेला पाहिजे. वरच्या पातळ आवरणावर विसंबले तर उत्तम कपाटही खाली येते. म्हणूनच कपाटाची लांबी ठरवतानाच भिंतीचा विचार करावा लागतो. कपाट आणि घर यांचे नाते वास्तुविशारदाच्या नजरेला जितके दिसते तितके निव्वळ कारागिराला दिसतेच असे नाही, आणि नाकाशिमा यांच्याकडे या दोन्ही नजरा होत्या.

कारखाना की कार्यशाळा

युद्धानंतरच्या अमेरिकेत फर्निचरचे मोठे कारखाने जोरात होते. प्लायवूड, पोलाद आणि प्लॅस्टिकचे ते युग. नाकाशिमा यांनी कारखान्यांशी पूर्ण फारकत घेतली होती असे नाही. चाळीसच्या दशकात नॉल या कंपनीसाठी आणि पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात विडिकॉम्ब-म्युलर या कंपनीसाठी त्यांनी आखलेले सामान कारखान्यात तयार झाले. पण त्यांनी स्वतःची कार्यशाळा वाढवून तिचा कारखाना होऊ दिला नाही. मोजके कारागीर, मर्यादित काम, ग्राहकाशी थेट संबंध, ही चौकट त्यांनी सोडली नाही. प्रत्येक वस्तूच्या खालच्या बाजूस ती ज्याच्यासाठी बनवली त्या ग्राहकाचे नाव लिहिले जाई. बनवणाऱ्याची सही पुष्कळदा नसे. १९५२ मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने त्यांना कारागिरीसाठी सुवर्णपदक दिले. ज्या व्यवसायाला त्यांनी रामराम ठोकला होता, त्याच व्यवसायाने हा सन्मान करावा, हे विशेष.

पुढे कीर्ती वाढली. नेल्सन रॉकफेलर यांच्या न्यूयॉर्क राज्यातील घरासाठी त्यांनी १९७३ मध्ये दोनशेहून अधिक वस्तू केल्या. जपानमधील ताकामात्सु येथील कारागिरांच्या चळवळीशी त्यांचा १९६४ पासून संबंध आला. त्याच वर्षी ते भारतात पुन्हा आले ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या निमंत्रणावरून. तेथे त्यांनी आखलेले फर्निचर संस्थेच्याच कार्यशाळेत, भारतीय सुतारांच्या हातून घडले. १९८१ मध्ये त्यांचे आत्मकथनपर पुस्तक ‘द सोल ऑफ अ ट्री’ प्रसिद्ध झाले. झाड तोडल्यावर त्याचे आयुष्य संपत नाही. योग्य हातांत पडले तर त्याला दुसरे आयुष्य लाभते, हा त्यातील विचार त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. १९८३ मध्ये जपान सरकारने त्यांचा सन्मान केला. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने छावण्यांतील बंदिवासाबद्दल अधिकृत क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई देण्याचा कायदा केला, तेव्हा नाकाशिमा ८३ वर्षांचे होते.

अखेरचे काम

१९८४ मध्ये एका प्रचंड अक्रोडाचा ओंडका त्यांच्या हाती आला. त्यातून त्यांनी एक संकल्प सोडला : प्रत्येक खंडासाठी एक शांतिवेदी. युद्धामुळे ज्याला तुरुंग पाहावा लागला त्या माणसाने सूडाची नव्हे, तर शांततेची मेजे घडवायला घेतली. पहिली वेदी ३१ डिसेंबर १९८६ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथीड्रलमध्ये अर्पण करण्यात आली. उरलेल्या पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९८९ मध्ये न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथील एका दाम्पत्याचे घर आगीत भस्मसात झाले. त्यात नाकाशिमा यांच्या १११ वस्तू जळाल्या. त्या दाम्पत्याने सारे सामान पुन्हा बनवून मागितले. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी नाकाशिमा यांनी काम हाती घेतले; पण ते पूर्ण होण्याआधीच, १५ जून १९९० रोजी न्यू होप येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात कार्यशाळेचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. ही कारागिरी एका माणसाच्या हातातच होती, असे मानून अनेक ग्राहकांनी मागण्या रद्द केल्या. छावणीत तान्ही असलेली मीरा आता वास्तुशास्त्राची पदवीधर होती. हार्वर्ड आणि टोकियोतील वासेदा विद्यापीठात तिचे शिक्षण झाले होते आणि वडिलांच्या हाताखाली तिने अनेक वर्षे काम केले होते. तिने कार्यशाळेची सूत्रे हाती घेतली. प्रिन्स्टनच्या घराचे सामान तिने पूर्ण केले. वडिलांनी राखून ठेवलेल्या फळ्यांतून १९९५ मध्ये रशियासाठी आणि १९९६ मध्ये ऑरोव्हिलसाठी शांतिमेज तयार झाले. सुंदरानंदांनी जेथे पहिले सागवानी सामान आखले, त्या पाँडिचेरीच्या शेजारीच आशियाचे मेज आले.

२०१४ मध्ये अमेरिकन सरकारने न्यू होपच्या या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. ज्या सरकारने या माणसाला संशयित म्हणून काटेरी तारांमागे ठेवले होते, त्याच सरकारने त्याच्या कार्यशाळेला राष्ट्राचा वारसा मानले. छावणीतून बाहेर पडताना नाकाशिमा यांच्यापाशी जमीन नव्हती, भांडवल नव्हते. होती ती हिकोगावा यांच्याकडून शिकलेली हातोटी. त्या बळावर घडलेली कपाटे अर्धशतकानंतरही घराघरांतल्या भिंतींवर आपले ओझे तोलून आहेत.